'शोले' संथ वाटला तर बिघडलं काय?

प्रश्न जालन्याच्या एका तरुणाचा आहे. लांबलचक होता, मी आटोपून देतो. 'काका, मी हौस म्हणून सिनेमे बघतो, बहुतेक मोबाइलवरच. "शोले" फार संथ वाटला. "सैराट" इंटरव्हलपर्यंत भारी, पुढे ताणलेला. "कोर्ट"मध्ये काही घडतच नाही. "बनवाबनवी" कधीही लावा, बघतो. साउथचे डब केलेले आवडतात. शेतकऱ्यांवरचे सिनेमे मात्र बघवत नाहीत, आणि मी स्वतः शेतकऱ्याचाच मुलगा. मित्र म्हणतात तुला सिनेमातलं काही कळत नाही. खरंय का? आणि आईला पंधरा वर्षांनी सिनेमा दाखवायचाय, कोणता दाखवू?'

मी ऑपरेटर. म्हणजे थिएटरात मशीन चालवणारा. १९८९ साली जत्रेतल्या तंबूत रिळं गुंडाळायला लागलो आणि २०१६ च्या शेवटी लातूरच्या एका थिएटरातून बाहेर पडलो. दिवसाला चार खेळ धरा, आठवड्याला अठ्ठावीस. इतक्यांदा पाहिलेल्या सिनेमाबद्दल माणसाला मत उरत नाही, तो नुसता पाठ होतो. पण केबिनच्या काचेतून पडद्याइतकीच खाली बसलेली डोकी दिसतात, आणि डोकी रोज वेगळी असतात. मी सिनेमा शिकलो तो त्या डोक्यांवरून. पब्लिक गुंतलं की डोकी जागच्या जागी थांबतात. सिनेमा सुटला की आधी खुर्च्या करकरतात, मग कुणीतरी बिडीसाठी उठतं, मग बायका लेकरांना घेऊन बाहेर निघतात. कोणत्या प्रसंगाला किती माणसं उठतात त्यावरून चौथ्या दिवशी मी मालकाला सांगायचो, दुसरा आठवडा धरा किंवा रिळांची पेटी वितरकाला परत पाठवा. बहुतेकदा बरोबर निघायचं. एकदा सपशेल चुकलो, ते पुढे सांगतो.

त्या हिशेबाने तुम्हाला सिनेमा कळतो. आपण कुठे उठलो हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ते तुम्ही लपवत नाही. मित्रांपैकी निम्मे तेवढंही करत नसतील. फक्त कशावर पाहिला, कुठे बसून पाहिला, हे तुम्ही निम्मंच सांगता. 'मोबाइलवर' हा शब्द तुमच्या प्रश्नात सहज येऊन गेलाय, आणि 'शोले'चं अर्धं उत्तर त्यातच आहे.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ चा. ७० एमएमच्या भल्यामोठ्या पडद्यासाठी आणि चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजासाठी बेतलेला. त्यात राधा हवेलीतले दिवे एकेक करून मालवते आणि समोर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो. कुणी एक शब्द बोलत नाही. मोबाइलवर हा प्रसंग आला की बोट आपोआप पुढे सरकतं, माझंही सरकेल. चार बोटांच्या काचेवर तो दिवा दिसणार किती आणि विझणार किती! मोठ्या पडद्यावर मात्र एकेक दिवा गेला की हॉलमध्ये खरोखर अंधार वाढतो. प्रेक्षकाच्या अंगावरचा उजेड कमी होतो.

आता आमच्याकडे काय यायचं तेही सांगतो. सिनेमाच्या वितरणाच्या हिशेबात मराठवाडा 'निजाम' टेरिटरीत मोजला जायचा. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, वितरकांच्या वहीत मात्र ते राहिलं. प्रिंट आधी मोठ्या शहरांत झिजायची, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला, आणि सगळ्यात शेवटी तंबूत. ७० एमएम वगैरे नाही, साधी ३५ एमएम, आवाज एकाच भोंग्यातून. रिळावर इतके ओरखडे असायचे की पडद्यावर उभ्या रेघा पडत राहायच्या. त्याला आम्ही 'पाऊस' म्हणायचो. मराठवाड्यात खरा पाऊस दगा द्यायचा, हा कधी चुकला नाही. तर अशा पावसात, कनातीबाहेर बैल हंबरत असताना, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत मी तो दिव्यांचा प्रसंग लावलाय आणि डोकी जागची हललेली नाहीत. तेव्हा संथपणाचा दोष एकट्या सिनेमाला देऊ नका. आणि एकट्या स्वतःलाही देऊ नका.

बाकी जेलरचा भाग मलाही लांब वाटतो. तंबूत त्या वेळी चहावाल्याचा गल्ला भरायचा.

'शोले'बद्दल आणखी एक. इतकी वर्षं आपण पाहिला तो शेवट मूळचा नव्हे. ठाकूर गब्बरला ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता. दिवस आणीबाणीचे. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस आणावे लागले. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली. पन्नास वर्षं लोक एका शेवटावर मत देत राहिले आणि करणाऱ्याच्या मनात दुसराच होता.

हे मला फार जवळचं वाटतं, कारण असं पाप मीही केलंय. एका मालकाला दिवाळीत पाचवा खेळ बसवायचा होता आणि सिनेमा होता पावणेतीन तासांचा. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. दोन रिळांएवढा माल काढला की गणित जमत होतं. मालक म्हणाला, एक गाणं काढ, आणि त्याच्या मागचं ते रडारडीचं काढ. मी रीळ टेबलावर घेतलं, उजेडासमोर धरून जागा शोधली, दोन फ्रेमच्या मधल्या रेघेवर ब्लेडने काप घेतला. टोकाचा मसाला खरवडला, फिल्म सिमेंट लावलं, दाबून धरलं, फुंकर मारली. काढलेला तुकडा बिस्किटाच्या डब्यात ठेवला. पेटी परत जाताना तो पुन्हा जोडायचा असतो, नाहीतर वितरक पैसे कापतो. त्या रडारडीत नायिकेचा धाकटा भाऊ मरत होता. आता तो नुसताच नाहीसा झाला. चार दिवस पब्लिक बाहेर पडताना म्हणत होतं, ष्टोरीत दम नाही. पाचव्या दिवशी एक आजी बुकिंगच्या खिडकीशी येऊन म्हणाली, 'ते बारकं पोरगं मधीच कुठं गेलं रं?' बुकिंगवाल्याने वर केबिनकडे बोट दाखवलं. मी काचेमागून बाजूला झालो.

टीव्हीवर साउथचे डब केलेले जे सिनेमे तुम्ही बघता, त्यांनाही असंच ब्लेड लागलेलं असतं, जाहिराती बसवायला. मला ते सिनेमे वाईट वाटत नाहीत. आमच्या धर्माबाद, देगलूर, बिलोलीकडच्या लोकांना तर डबिंगचीही गरज नसते, ते तेलुगूच बघतात आणि आपल्याला हसतात. नायक कधी पडद्यावर आणायचा, त्याआधी पब्लिकला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे त्या लोकांना नेमकं कळतं. 'बाहुबली'चा पहिला भाग २०१५ ला जिथे संपला, तिथे खुर्चीला खिळलेलं पब्लिक मी पाहिलंय. दिवे लागले तरी दोन मिनिटं कुणी उठेना, पैसे बुडाल्यासारखे बघत बसले. दोन वर्षं पुढच्या भागाची चौकशी चालली होती. आवडतात तर खुशाल बघा, फक्त एखादा सिनेमा तुटक वाटला तर दिग्दर्शकाला शिव्या घालण्याआधी पूर्ण प्रत शोधा.

आता 'सैराट'. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

तो २९ एप्रिल २०१६ ला लागला. लातूरला त्या महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी होती. आमच्या मालकाने थिएटरच्या संडासला कुलूप घातलं होतं आणि बाहेर पाटी, 'पाणी नाही, सहकार्य करावे'. तीन तासांना पाच-सहा मिनिटंच कमी असलेला सिनेमा, बाहेर बेचाळीस अंश, आत ही सोय, आणि हाउसफुल्ल! पहिल्या भागाबद्दल बोलायची गरज नाही. पोरं पडद्यापुढे नाचायची, पुढच्या दोन लायनी नुसत्या नावाला असायच्या.

दुसरा भाग ताणलेला आहे, हे मी पुण्याच्या पाहुण्यांकडूनही ऐकलं. आमच्या हॉलमध्ये मला ते दिसलं नाही. परश्या आणि आर्ची पळून जातात ते हैदराबादला. आता आमच्याकडे उदगीर, देवणी, औराद, देगलूर या बाजूच्या माणसाला हैदराबाद म्हणजे काय? कुणी तिकडे मिस्त्रीच्या हाताखाली होता, कुणी वॉचमन, कुणी बापाला दवाखान्यात घेऊन महिनाभर फुटपाथवर राहिलेला. भाषा कळत नाही, पत्र्याची खोली, शेजारचा वास, एका परक्या बाईने दिलेला आधार, मग कुठे बाटल्यांच्या कारखान्यात काम, डोशाची गाडी. पुण्याच्या माणसाला हे सिनेमाचं वळण वाटलं असेल. आमच्या समोर बसलेल्यांचे ते गेलेले दिवस होते. त्या अर्ध्या तासात उठणारी माणसं मी मोजली, सवयच ती. इंटरव्हलआधीच्या गाण्यांना जास्त उठत होती.

आणि शेवट. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला शेवटच्या प्रसंगात आवाज गेला. मागून ओरड झाली, 'ए ऑपरेटर, आवाज!' शिट्ट्या सुरू झाल्या. मी घाबरलो. एव्हाना रिळं जाऊन सर्व्हर आला होता, बटणावरचं काम, आणि त्याचा बिघाड मला कधी नीट उमगायचा नाही. अॅम्प्लिफायरचे दिवे बघितले, ठीक. वायर हलवून पाहिली, ठीक. वर बघतो तर पडद्यावर ते लेकरू दारातून बाहेर चाललंय आणि मागे रक्ताची पावलं उमटतायत. ओरडणाऱ्याचा आवाज मध्येच तुटला. मीही वायर हातात धरून तसाच उभा. दुसऱ्या खेळापासून त्या वेळी मी हात मागे बांधून उभा राहायचो.

तुम्हाला जो भाग ताणलेला वाटतो तो काढा, आणि माझ्या हातात अजून ब्लेड असतं तर मालकाने तो नक्की काढायला लावला असता, मग ही पावलं कुणाच्या घरातली? भांडी, कुकर, स्कूटर, फ्लॅट बघायला जाणं, माहेरचा फोन, हे सगळं सवयीचं होईपर्यंत दाखवलंय, म्हणून तो दरवाजा उघडताना आपण बेसावध असतो. पुन्हा बघा. मोबाइलवर बघायचा तर निदान एका बैठकीत बघा.

'सैराट'मधली बोली आमच्या कानाला जवळची वाटली याचंही कारण साधं आहे. सिनेमा चित्रित झाला तो करमाळ्याकडे. करमाळा सोलापूर जिल्ह्यातलं खरं, पण आमच्या मराठवाड्यातल्या परंड्याला लागूनच. एरवी मराठी सिनेमातला खेडूत सरसकट 'हाय-न्हाय, करतुया-जातुया' बोलतो. ती कोल्हापूरची बोली, तीही मुंबईत शिकलेली. आमच्या लातूर-नांदेडकडे 'काय करायलास' म्हणतात, बीड-परभणी-जालन्याकडे 'कामून' कानावर पडतं, तुम्ही जालन्याचे, तुम्हाला सांगायला नको. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी हेल नायकाच्या तोंडी आणला हे मोठंच काम. आमच्या गावातली पोरं त्यांच्यामुळे मुंबईत तोंड उघडायला लागली. पण पुढे झालं असं, की तो हेल ऐकला की हसायचं, अशी पब्लिकला खोडच लागली. एका सिनेमात असंच बोलणारा म्हातारा पोराच्या प्रेतापाशी रडत होता आणि हॉलमध्ये हशा पिकला. लातूरच्या हॉलमध्ये, आपल्याच माणसांचा! मला तो हशा अजून आठवतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे उभे राहून याच बोलीतली पन्नासवर माणसं उभी करायचे. लोक पोट धरून हसायचे, पण त्यातल्या एकाही माणसाला कमी लेखून हसत नव्हते. सिनेमाला ते फार थोड्या वेळा जमलंय.

'कोर्ट'मध्ये काही घडत नाही म्हणता. बांधाच्या भांडणाची तारीख चालू असलेला एखादा चुलता असेलच, त्याला शेजारी बसवून बघा. एका शाहिरावर आरोप आहे, की याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. पुढे तारखा. आमच्याकडे तो दुपारच्या एकाच खेळाला होता, तीसेक माणसं, त्यात चार वकील. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातलेल्या बाईचं प्रकरण त्या दिवशी ऐकूनच घेत नाहीत, तिथे वकिलांनी मांड्या बडवल्या. शेवटी रिकाम्या कोर्टातले दिवे बंद होतात, पडदा काळा पडतो. आमच्या डोअरकीपरने सराईतपणे दारं उघडली, माणसं उठली, आणि सिनेमा पुढे चालूच! सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बागेत डुलक्या घेतायत. निम्मी माणसं दारात उभी राहूनच उरलेलं बघत होती. मला स्वतःला तो सिनेमा दुसऱ्या दिवशी आवडला, पहिल्या दिवशी नाही. एवढं कबूल करतो.

शेतकऱ्यांवरचे सिनेमे बघवत नाहीत, यात लाजण्यासारखं काही नाही. त्यातले बरेच खोटे असतात. भेगाळलेली जमीन, कपाळावर आडवा हात, आभाळाकडे नजर, मागे बासरी. पीककर्जाच्या कागदांसाठी झेरॉक्सच्या दुकानापुढे उभा असलेला शेतकरी कुणी दाखवत नाही. कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून बायकोशी भांडणाराही नाही. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) तेवढा बघा. विदर्भातला आहे, पण चालेल. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलाय, म्हणून बायको आपल्या नवऱ्यावर डोळा ठेवते, बारक्या पोराला त्याच्या मागे लावून देते. नवऱ्याला कळेना हे पोरगं सारखं पाठीशी का. तुम्ही हसाल. तुमच्या घरी असं पाळत ठेवलेलं वर्ष गेलं असेल तर थांबवून जरा बाहेर जाऊन याल. तसं झालं तरी त्याला 'बघवला नाही' म्हणू नका.

'बनवाबनवी'बद्दल बोलण्यासारखं फार नाही, १९८८ पासून कुणालाच त्याचं कारण सांगावं लागलेलं नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून बेतलाय हे अनेकांना माहीत नसतं. भाड्याची खोली मिळत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून वरचा सगळा वेडेपणा खपतो. हेच नकलाकारांना कळलं नाही, त्यांनी साड्या घेतल्या आणि खोली विसरले.

आता माझी चूक. २००४ साली 'श्वास' आला. डोळ्याच्या कॅन्सरमुळे नातवाची दृष्टी जाणार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा त्याला हॉस्पिटलातून घेऊन बाहेर पडतात, जग दाखवायला. नाच नाही, मारामारी नाही. मी मालकाला म्हणालो, दोन दिवस, फार तर तीन. पहिल्या खेळाला डोकी हलत होती, खुर्च्या वाजत होत्या, मला वाटलं झालंच. पण उठत कुणी नव्हतं. अंधारात माणसं रुमाल शोधत होती, त्याची ती हालचाल. पंधरा वर्षं डोकी वाचणाऱ्याला हे ओळखता आलं नाही. पुढे तो भारतातर्फे ऑस्करला गेला. आमच्याकडे दोन आठवडे चालला, आणि मालक मला वर्षभर 'दोन दिवस' म्हणून हाक मारायचा.

आईंसाठी 'श्वास' नको. पंधरा वर्षांनी बघतायत, रडवू नका. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवा, परेश मोकाशींचा, २००९ चा. दादासाहेब फाळके १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कसा करतात त्याची गोष्ट, दीड तासाच्या आसपास, म्हणजे पाठ दुखायच्या आत संपतो. घरातली भांडीकुंडी विकून सिनेमा काढणारा नवरा आणि त्याला साथ देणारी बायको, हे आईंना तुमच्यापेक्षा जास्त कळेल. फाळके झालेत ते नंदू माधव, आपल्या गेवराईकडचे. मोबाइलवर देऊ नका, टीव्हीला जोडा, खोलीतले दिवे मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायकांचं काम करणारे नट मिश्या काढायला तयार होत नाहीत, त्या प्रसंगाला टीव्हीकडे न बघता आईंकडे बघा. आणि मधे कुठे उठल्या तर कुठे ते मला कळवा.